फिर्याद मांडणारालाच न्यायासन!

बंधूंनो, जो गरिबाच्या बाजूनें बोलतो त्याच्या हातांत गरिबाची मान द्यावी काय? तुम्ही म्हणाल, मास्तर, हा काय विचारण्यासारखा प्रश्न झाला? आपल्या बाजूच्या माणसाच्या हातीं नाहीं द्यायची, तर मग काय वैऱ्याच्या हातीं द्यायची? थांबा. घाई करूं नका. स्कॉटलंड देशांतल्या एका पुढाऱ्याची हकीकत आधीं ऐका आणि मग बोला. परमुलखाची गोष्ट म्हणून कागद खालीं ठेवूं नका; जो जो कोर्टाची पायरी चढला आहे त्याला ती परकी वाटणार नाहीं.

त्या पुढाऱ्याचें नांव अलेक्झांडर यूर. जन्म १८५३ सालचा. बाप ग्लासगो शहराचा लॉर्ड प्रोव्होस्ट, म्हणजे नगराध्यक्ष, होऊन गेला. मुलगा १८७८ सालीं वकील झाला, १८९५ सालीं लिबरल पक्षातर्फे लिनलिथगोशर मतदारसंघांतून पार्लमेंटांत गेला आणि १९१३ पर्यंत तेथला सभासद राहिला. माणूस हुषार, मेहनती आणि बोलका. आणि बोलायचा तें कशावर? जमिनीवर! शहर वाढलें, रस्ता झाला, आगगाडी आली, कीं जमिनीची किंमत चढते. ती चढविली कोणीं? राबणाऱ्या लोकांनीं. मग घरबसल्या जमीनदारानें ती कां गिळावी? त्या आयत्या वाढीवर कर बसवा, असें हा यूर गांवोगांव सांगत हिंडे. २९ एप्रिल १९०९ रोजीं लॉइड जॉर्ज यांनीं जें प्रसिद्ध अंदाजपत्रक मांडलें त्यांत अशा वाढीवर शेंकडा २० कर होता. उमरावांच्या सभेनें तें त्याच वर्षीं नोव्हेंबरांत फेटाळलें, आणि त्या साऱ्या झगड्यांत यूरनें सभांमागून सभा गाजविल्या. सत्तर वर्षांच्या गरीब म्हाताऱ्यांना आठवड्याला ५ शिलिंग पेन्शन देण्याचा कायदा १९०८ सालीं झाला होता. दुसरा पक्ष निवडून आला तर ही पेन्शन धोक्यांत येईल असें यूर म्हणाला, तेव्हां त्या पक्षाचे पुढारी बाल्फोर इतके खवळले, कीं हा थंड डोक्यानें, हिशेब करून केलेला खोटेपणा आहे असें त्यांनीं भर सभेंत म्हटलें. पक्षापक्षांतली ही शिवीगाळ आहे. तिचा निवाडा आम्ही करीत नाहीं. एवढेंच ध्यानांत ठेवा, कीं सभेंत एकानें कांहीं म्हटलें तर दुसऱ्या दिवशीं दुसरा उठून त्याचें उत्तर देतो. सभेची रीत ती. ही गोष्ट पुढें कामास येईल.

तेव्हां हा मनुष्य जमीनदाराच्या गोटांतला नव्हता. म्हणूनच त्याची गोष्ट सांगावीशी वाटते. जमीनदाराच्या हस्तकानें गरिबाचा गळा धरला तर त्यांत नवल तें काय?

फेब्रुवारी १९०९ मध्यें यूर स्कॉटलंडचा लॉर्ड अॅडव्होकेट झाला. हा हुद्दा काय चीज आहे तें समजून घ्या. लॉर्ड अॅडव्होकेट हा सरकारचा कायद्याचा सल्लागार. पुन्हा तोच पक्षाचा माणूस, पार्लमेंटांत सरकारची बाजू लढविणारा. पुन्हा तोच साऱ्या मुलखांतल्या मोठ्या फौजदारी खटल्यांचा फिर्यादी. कोणावर खटला भरावा आणि कोणावर भरूं नये हें त्याच्या मर्जीवर. आणि यावर कडी म्हणजे, जज्जाची जागा रिकामी झाली कीं ती कोणाला द्यावी यांतही त्याचाच शब्द चाले, आणि फार दिवसांची वहिवाट अशी, कीं सर्वांत वरची जागा रिकामी झाली तर ती त्यानें स्वतःच घ्यावी! गांवांत पाटील, फिर्यादी आणि पंच एकाच माणसाला केलें तर तुम्ही चावडीवर पाऊल टाकाल काय? पण साहेबाच्या देशांत तें चालत होतें, आणि विद्वान लोक त्याला जुनी परंपरा म्हणत.

आतां खटल्याकडे वळूं. २१ डिसेंबर १९०८ च्या संध्याकाळीं सातच्या सुमारास ग्लासगोंत मॅरियन गिलख्रिस्ट नांवाच्या ऐंशीच्या पुढच्या एका श्रीमंत बाईचा तिच्या राहत्या घरीं खून झाला. मोलकरीण हेलन लॅम्बी दहा मिनिटांसाठीं वर्तमानपत्र आणायला बाहेर गेली होती, तेवढ्यांत काम झालें. बाईपाशीं हजारों पौंडांचे दागिने होते. पण गेला काय, तर एक हिऱ्याचा चंद्रकोरीसारखा ब्रोच. आणि कागदपत्रांची पेटी मात्र फोडलेली. चोराला कागद कशाला हवे होते, हा प्रश्न आमच्या गांवच्या कोतवालानेंही विचारला असता. ग्लासगोच्या पोलिसांनीं तो बाजूला ठेवला. २०० पौंडांचें बक्षीस लावलें आणि वाट पाहूं लागले.

२५ तारखेला संध्याकाळीं खबर आली, कीं ऑस्कर स्लेटर नांवाचा एक परदेशी इसम हिऱ्याच्या ब्रोचची गहाणपावती विकूं पाहत होता. स्लेटर जातीनें यहुदी, जर्मनींतला. जुगाराच्या अड्ड्यांत वावरणारा, दागिन्यांची घेवदेव करणारा, वेळेप्रमाणें नांवें बदलणारा. घरांत बाई होती ती लग्नाची नव्हती. कांहीं सोवळा माणूस नव्हता तो, आणि त्याला सोवळा ठरविण्याची आम्हांला गरजही नाहीं. त्याच रात्रीं तो त्या बाईसह लिव्हरपूलला गेला आणि तेथून लुसिटानिया बोटीनें न्यूयॉर्कला निघाला. झालें! चोर सांपडला!

पण गहाणपावतीची चौकशी करतां काय निघालें? तो ब्रोच स्लेटरचाच, आणि तो खुनाच्या आधीं कित्येक दिवस गहाण पडलेला. म्हणजे ज्या धाग्यावरून पोलीस त्याच्यापर्यंत पोंचले तो धागाच तुटला. हिशेबांत पहिलाच आंकडा चुकला तर चौथीचें पोरसुद्धां पाटी पुसून पुन्हा मांडणी करतें. येथें पाटी कोणीं पुसली नाहीं. आंकडा खोडला आणि उत्तर तेवढें कायम ठेवलें.

मग साक्षीदार उभे केले. मोलकरीण, खालच्या मजल्यावर राहणारा अॅडम्स, ज्याच्यासमोरून खुनी शांतपणें निघून गेला, आणि रस्त्यावर जिला तो धडकला ती चौदा-पंधरा वर्षांची निरोप पोंचविणारी मुलगी मेरी बॅरोमन. या तिघांना बोटीनें न्यूयॉर्कला नेलें. ओळख पटविण्यापूर्वी स्लेटरचा फोटो दाखविला गेला होता, आणि कोर्टाच्या बोळांतून शिपायांच्या पहाऱ्यांत तो त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. फळ्यावर उत्तर लिहून ठेवायचें आणि मग मुलांना प्रश्न विचारायचा, असा हा प्रकार! इकडे परत आणल्यावर त्याला पोलीस आणि रेल्वेच्या नोकरांच्या रांगेंत उभें केलें. ते सारे गोरे स्कॉच, हा एकटा काळसर, परदेशी चेहऱ्याचा. त्यांतून त्याला न ओळखणें हेंच अवघड होतें. तरीही अॅडम्स शेवटपर्यंत, सारखा दिसतो, याच्या पुढें गेला नाहीं. आणि स्लेटर? न्यूयॉर्कांत कायद्याची लढाई चालली असतांना ती सोडून देऊन, मीं कांहीं केलेलें नाहीं, असें म्हणत तो आपण होऊन स्कॉटलंडला परत आला. न्यायावर त्याचा एवढा भरंवसा होता.

अंदाजपत्रकानंतर चौथ्या दिवशीं, ३ मे १९०९ रोजीं, एडिंबरोच्या हायकोर्टांत खटला उभा राहिला. जमिनीच्या आयत्या वाढीवर कर मागणारा यूर आतां एका माणसाचा जीव मागायला जातीनें उभा होता. न्यायासनावर लॉर्ड गथ्री, आणि पुढें पंधरा ज्यूरर.

यूरचें भाषण दोन तासांच्या आंतबाहेर चाललें. हातांत कागदाचा चिठोराही नव्हता. लोक थक्क झाले म्हणतात. होणारच! पण कागद हातांत नसला म्हणजे बोलण्याला धार येते, तशी चूकही येते, आणि या चुका साध्या नव्हत्या. स्लेटरला म्हातारीच्या दागिन्यांची माहिती कशी लागली तें पुढें दाखवितों, असें त्यानें ज्यूरीला सांगितलें. भाषण संपलें तरी तें दाखविलें नाहीं. दाखविणार काय? स्लेटरचा आणि त्या म्हातारीचा संबंध पोलिसांना कधींच जोडतां आला नाहीं. २५ तारखेला वर्तमानपत्रांत आपलें नांव आणि वर्णन वाचून स्लेटर पळाला, असें त्यानें ठणकावलें. त्या दिवशीं स्लेटरचें नांव कोणत्याही पत्रांत आलेलें नव्हतें! अमेरिकेला जाण्याची त्याची तयारी खुनाच्या आधींपासून चाललेली होती, आणि लिव्हरपूलच्या हॉटेलांत या पळपुट्यानें वहींत काय लिहावें? ऑस्कर स्लेटर, ग्लासगो. बोटीचें तिकीट त्यानें खोट्या नांवानें काढलें हें खरें; पण मागावरच्या पोलिसांसाठीं हॉटेलांत खरें नांव आणि गांव लिहून ठेवणारा खुनी आम्हीं तरी ऐकलेला नाहीं. त्याच्या सामानांत एक लहान हातोडी सांपडली, तीच हत्यार म्हणून पुढें केली. मुडदा पहिल्यानें पाहणाऱ्या डॉक्टराचें मत होतें, कीं खुर्चीनें घाव घातले. त्या डॉक्टराला साक्षीला बोलावलेंच नाहीं.

आणि सर्वांत विषारी गोष्ट ही. या माणसाचें जिणें माणसाच्या अधोगतीच्या अगदीं तळाला पोंचलेलें आहे, असें यूरनें त्या पंधरा गृहस्थांपुढें मांडलें. अहो, खटला खुनाचा आहे कीं चालचलणुकीचा? जुगारी माणूस जुगारी म्हणून वाईट असेल. म्हणून त्यानें खून केला काय? पण सभा जिंकायची रीत हीच. समोरच्याच्या मुद्द्याला हात न लावतां त्याच्या तोंडाला काळें फांसायचें. सभेंत तें खपतें, कारण काळें फांसलेला मनुष्य उद्यां दुसऱ्या मंडपांत तोंड धुऊन उभा राहतो. फांशीच्या खटल्यांतल्या आरोपीला दुसरा मंडप कोठला? स्लेटर तर साक्षीच्या पिंजऱ्यांतही गेला नाहीं. न्यायाधीशानें तरी तोल सांवरावा. तर गथ्रीनें उलट ज्यूरीला सांगितलें, कीं माणूस निर्दोष आहे असें धरून चालण्याचा जो फायदा साध्या माणसाला मिळतो तो असल्या माणसाला मिळत नाहीं. नांवाजलेल्याला एक न्याय आणि बदनामाला दुसरा! हें आपल्याकडे नवें आहे काय, तें तुमचें तुम्ही ठरवा.

ज्यूरी सत्तर मिनिटें आंत बसली. नऊ जण म्हणाले दोषी, पांच म्हणाले पुरावा नाहीं, एक म्हणाला निर्दोष. तेव्हांच्या तेथल्या रीतीप्रमाणें बहुमत पुरे होतें. दोन मतें फिरलीं असतीं तर माणूस सुटला असता. २७ मे ही फांशीची तारीख ठरली. वीस हजारांवर लोकांनीं सह्या करून अर्ज पाठविला, आणि दोन दिवस राहिले असतां फांशी रद्द होऊन जन्मठेप झाली. खुनाची शंका नव्हती तर फांशी कां दिली नाहीं? आणि शंका होती तर सोडला कां नाहीं? अर्धी मान कापण्याचा हा कोणता न्याय?

स्लेटर पीटरहेडच्या तुरुंगांत खाणींतला दगड फोडूं लागला. यूर काय फोडीत होता? १९१३ सालीं तो लॉर्ड जस्टिस जनरल आणि कोर्ट ऑफ सेशनचा लॉर्ड प्रेसिडेंट झाला, म्हणजे सबंध स्कॉटलंडचा पहिल्या नंबरचा न्यायाधीश! १९१४ सालीं लॉर्ड स्ट्रॅथक्लाइड ही पदवी मिळाली. १९२० पर्यंत तो त्या आसनावर होता. एक दगडावर बसला, एक गादीवर.

तुम्ही विचाराल, वर अपील नव्हतें काय? नव्हतें! इंग्लंडांत फौजदारी अपिलाचें कोर्ट १९०७ सालीं झालें. स्कॉटलंड त्यांतून वगळलें होतें. त्या इंग्लंडच्या कोर्टाच्या स्थापनेंत मुंबईच्या एका घराण्याचा अश्रू मिसळलेला आहे. शापूरजी एदलजी हे मूळ मुंबईचे पारशी. ख्रिस्ती होऊन इंग्लंडांत एका खेड्याचे धर्मोपदेशक झाले. त्यांचा मुलगा जॉर्ज हा वकील. १९०३ सालीं जनावर कापल्याच्या खोट्या आरोपावरून त्याला सात वर्षांची सजा झाली. तीन वर्षांनीं सोडला तो कलंकासह. हेरकथा लिहिणारे आर्थर कॉनन डॉयल यांनीं १९०७ सालीं त्याच्यासाठीं लेखणी उचलली आणि सरकारला माघार घ्यावी लागली. त्याच डॉयलनीं १९१२ सालीं स्लेटरवर पुस्तक लिहिलें. तेथेंही परका, येथेंही परका. कातडी निराळी दिसली कीं संशयाला पुरावा लागत नाहीं.

पण या गोष्टींतला आम्हांला सर्वांत थोर वाटणारा मनुष्य पुस्तक लिहिणारा नव्हे. तो आहे पोलिसांतला एक नोकर, जॉन थॉमसन ट्रेंच. ग्लासगोचा डिटेक्टिव्ह लेफ्टनंट, राजाकडून पोलिस पदक मिळविलेला. त्याच्या मनाला टोंचणी लागली. खुनाच्या रात्रींच मोलकरणीनें दुसऱ्याच एका माणसाचें नांव घेतलें होतें, असें तो म्हणूं लागला. १९१४ सालीं चौकशी नेमावी लागली. कशी नेमली पहा: बंद दाराआड, साक्षीदारांना शपथ नाहीं, आणि खटला कसा चालविला गेला या गोष्टीला हात लावायचा नाहीं! कां लावायचा नाहीं? ज्यानें तो चालविला तो आतां देशाचा पहिला न्यायाधीश होता. याहून स्पष्ट कारण आम्हांला दिसत नाहीं. मोलकरीण नाहीं म्हणाली, चौकशी गुंडाळली, आणि शिक्षा कोणाला? ट्रेंचला! नोकरींतून काढला. पुढच्या वर्षीं त्याच्यावर आणि त्याला मदत करणाऱ्या कुक नांवाच्या वकिलावर चोरीचा माल घेतल्याचा खटला घातला; न्यायाधीशानेंच ज्यूरीला सोडण्यास सांगितलें म्हणून दोघे सुटले. १९१९ सालीं ट्रेंच मेला. बायकामुलांची भाकर धोक्यांत घालून खरें बोलणारा असा नोकर दहा हजारांत एक निघतो, आणि त्याच्या नांवानें कोणी लॉर्ड होत नाहीं.

१९२५ सालीं सुटलेल्या एका कैद्यानें जिभेखालीं लपवून स्लेटरची चिठ्ठी बाहेर आणली, ती डॉयलकडे गेली. १९२७ सालीं विल्यम पार्कचें पुस्तक निघालें. वर्तमानपत्रें पेटलीं. ती बॅरोमन आतां मोठी बाई झाली होती. सारखा दिसतो म्हणायचें होतें तेथें हाच तो असें म्हणायला आपल्याला पढविलें, अशी तिची हकीकत छापून आली. नोव्हेंबर १९२७ मध्यें, साडेअठरा वर्षांनीं, स्लेटर सुटला. सुटला म्हणजे निर्दोष ठरला नव्हे! स्कॉटलंडांत अपिलाचा कायदा १९२६ सालीं झाला होता, तो जुन्या खटल्यांना लागू नव्हता. म्हणून याच्या एकट्यासाठीं खास कायदा करावा लागला. २० जुलै १९२८ रोजीं पांच न्यायाधीशांनीं शिक्षा रद्द केली. पण कोणत्या मुद्द्यावर? गथ्रीनें चालचलणुकीबद्दल ज्यूरीला जें चुकीचें सांगितलें तेवढ्यावर. गथ्री केव्हांच वारला होता. मेलेल्याच्या माथीं खापर फोडायला कष्ट पडत नाहींत. यूर त्या वेळीं जिवंत होता. तो २ ऑक्टोबर १९२८ रोजीं वारला, आणि पुरुष वारस नसल्यानें पदवीही त्याच्याबरोबर गेली. स्लेटरला ६००० पौंड मिळाले. पुढें अपिलाच्या खर्चावरून त्याचें आणि डॉयलचें भांडण जुंपलें. तो १९४८ सालीं एअर गांवीं वारला.

आतां कांहीं शहाणे म्हणतील, एक यूर वाईट निघाला म्हणून साऱ्या हुद्द्याला कां बोल लावतां? आम्ही यूरला राक्षस म्हणत नाहीं. त्याला स्लेटर खरोखरच दोषी वाटला असेल. तेंच तर भयंकर! सभेंत ज्याला टाळ्या मिळतात त्याला आपलें म्हणणें खरेंच वाटूं लागतें. आणि खटला जिंकला कीं बढती, बढती कीं न्यायासन, अशी शिडी समोर उभी असेल तर तोंड आवरण्याला कारण काय राहिलें? शिडी बघा. यूरच्या आधींचा लॉर्ड अॅडव्होकेट थॉमस शॉ १९०९ सालीं थेट उमरावांच्या सभेंतला न्यायाधीश झाला. यूरच्या आसनावर आधीं बसलेला डुनेडिन हाही पूर्वी लॉर्ड अॅडव्होकेट. यूरनंतरचा लॉर्ड अॅडव्होकेट रॉबर्ट मन्रो; १९१४ ची ती चौकशी झाली तेव्हां हाच त्या हुद्द्यावर होता, आणि १९२८ सालीं लॉर्ड अॅलनेस या नांवानें अपील ऐकणाऱ्या पांचांत हाच बसला होता! त्या पांचांचा मुख्य क्लाइड; तोही लॉर्ड अॅडव्होकेटच्या खुर्चीवरून उठून १९२० सालीं यूरच्याच जागीं बसलेला.

आणि अपिलांत स्लेटरची बाजू लढविणारा क्रेगी एचिसन, ज्यानें हा सारा अन्याय उकरून काढला, त्यानें तरी शिडी मोडली काय? १९२९ सालीं मजूर पक्षाच्या सरकारांत तो लॉर्ड अॅडव्होकेट झाला, पार्लमेंटांत गेला, आणि १९३३ सालीं अॅलनेसची जागा रिकामी होतांच लॉर्ड जस्टिस क्लार्क होऊन बसला. लिबरल गेले, टोरी गेले, मजूर आले, शिडी तीच. स्कॉटलंडांत जज्ज निवडण्यासाठीं स्वतंत्र मंडळ नेमलें तें २००२ सालीं, यूरला आसन मिळाल्यापासून ८९ वर्षांनीं. सरकारचा सल्लागार आणि फिर्यादी एकाच अंगरख्यांत, ही जोडी तेव्हांही फुटली नाहीं.